जरा मोठ्याने

आजोबांचा मुलगा दवाखान्यात टॉनिक मागायला आला होता. त्यांना सोबत आणलं होतं ते पुरावा म्हणून. आजोबांचे कपडे अंगावर लोंबत होते, जेवण जवळजवळ सुटलं होतं, आणि मुलाच्या मते वय झालं की हे व्हायचंच. डॉक्टरीणबाईंनी आजोबांना काहीही विचारलं तरी उत्तर मुलगाच देई. झोप? लागते. मन? एकदम प्रसन्न. शेवटी बाईंनी त्याला बाहेर बसवलं. जाता जाता तो म्हणाला की बाबा ठार बहिरे आहेत, ओरडावं लागेल.

बाई ओरडल्या. म्हाताऱ्या माणसाचं मन खाजगीत, हळुवारपणे जोखावं, असं त्यांना शिकवलं होतं. ते हळुवार प्रश्न आता पार औषधांच्या खिडकीपर्यंत जात होते.

"आजोबा, आयुष्य रिकामं वाटतं का?"

आजोबा भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले. "हो" आलं ते बाहेरच्या बाकावरून.

बाईंनी दार घट्ट लावलं आणि एकटं वाटतं का, असं विचारलं. बाहेर चर्चा पेटली. एक जण म्हणाला, घर भरलेलं असूनही वाटतं. त्यावर कुणीतरी त्याला घरच्यांनाही एकदा विचारून बघ म्हणून सुनावलं. जगण्यात मजा वाटते का, या प्रश्नाला तर कंपाउंडरच डोकावला. "बहुतेकांना नाही वाटत, मॅडम. मला धरून."

बाईंचा घसा बसला. त्या खुर्चीत कोसळल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "वैताग आलाय नुसता."

"मलाही," आजोबा म्हणाले.

बाई बघतच राहिल्या. आजोबांनी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले होते; कान अजून तिखट होते. पण बायको गेल्यापासून घरात त्यांच्याविषयी बोलणं व्हायचं, त्यांच्याशी नाही. मग ते सरळ बहिरे झाले.

"बहिऱ्याशी कुणी बोलत नाही, त्याला निदान कारण तरी असतं."

बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि दबक्या आवाजात सगळं पहिल्यापासून विचारलं. आजोबा सावकाश उत्तरं देत गेले. सकाळी जागच येऊ नये असं वाटतं का, यावर त्यांनी पुन्हा कॅलेंडरकडे पाहिलं.

"रोज," ते म्हणाले.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. फटीत मुलाचं तोंड होतं. "डॉक्टर, जरा मोठ्याने बोला ना. मला काहीच ऐकू येत नाहीये."

"ते आलंय माझ्या लक्षात," बाई म्हणाल्या. त्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मान डोलावली.

"आत या. खुर्ची घ्या. आणि आता तुम्ही बोलायचं नाही."