कुंकवाखालचं लोखंड

वर्षातले दोनच दिवस संपतरावांचं रिव्हॉल्व्हर घरात असे, आणि ते दोन दिवस वल्लरीच्या डोळ्याला डोळा लागत नसे. एरवी ते दिल्लीत, दर्यागंजच्या खुरानांच्या बंदुकांच्या दुकानात जमा. खंडेनवमीला घरी आणायचं, पाटावर नवऱ्याच्या, विक्रांतच्या, लॅपटॉपशेजारी आणि स्वयंपाकघरातल्या सुरीशेजारी ठेवायचं, ओल्या कुंकवाचं बोट लावायचं आणि दसरा झाला की परत नेऊन द्यायचं. नळी जिथं सुरू होते तिथं कुंकू लावायचं, ‘हेच याचं कपाळ’, हे कृष्णाबाईंनी ठरवलेलं. आणि देवाचं कुंकू पुसायचं नाही, ते आपोआप झडू द्यायचं, हेही त्यांचंच. सासूबाई गेल्या, पण त्यांचे नियम कुणी मोडले नाहीत.

वल्लरीला धास्ती होती ती रेवतीची. पोरगी चार वर्षांची, पण बघून बघून शिकणारी. बापाचा फोन उघडायचा नंबर तिनं असाच मांडीवर बसल्या बसल्या पाठ केला होता. कुठलंही कपाट, कुठलाही डबा. स्टूल ओढायचं आणि चढायचं.

यंदा संपतरावांनी परवाना मुलाच्या नावावर करून दिला आणि विक्रांतच्या डोक्यात रेंजवरच्या मित्रांनी भरवलेलं खूळ पक्कं झालं. नेमबाजीसाठी लांब, जड नळी बसवून घ्यायची, रीतसर परवानगी काढून. फक्त ती या जुन्यावर बसवायची की नवं घेऊन त्यावर, ते ठरायचं होतं.

“नळी बदल, मूठ बदल,” गुडगावहून निघताना संपतराव म्हणाले होते, “पण हत्यार हेच. आणि पोर लहान आहे तोवर ते दुकानातच राहील. दुसरं आणायचं नाही.”

“बाबा, सरावाला दर वेळी दर्यागंज?”

“सुभेदाराचा शब्द आहे. ट्रॅफिकमध्ये बदलत नाही.”

वल्लरी मागच्या सीटवर हसली होती. सासऱ्यांच्या शब्दावर तिचा भरवसा होता, पण त्यांचं वय ती रोज बघत होती. शब्द माणसाबरोबर जातो. त्यापेक्षा हे हत्यारच नापास झालं तर? दुसरं आणायचं नाही, असं तेच म्हणाले होते. म्हणजे सगळा खेळच खलास.

दुकानात खुरानांनी रिव्हॉल्व्हर उघडलं, सिलिंडर फिरवून कान लावला, नळीतून उजेडाकडे बघितलं. “नाल तो घिस गई है. कोई बात नहीं, वो तो फेंकनी ही है. असली चीज़ बॉडी है. बाऊजी ने बहुत सँभालके रखा है.”

संपतरावांचा ताठ कणा आणखी ताठ झाला.

“कुंकू पुसून बघा ना,” वल्लरी म्हणाली. मग खुरानांकडे वळून हिंदीत, “अंकल, ये लाल वाला पोंछके देखिए.”

“पुसायचं नसतं ते,” संपतराव म्हणाले. पण खुरानांच्या हातात तेलाचा फडका होताच.

कुंकू निघालं, त्याखालून तांबूस पापुद्रा निघाला आणि पापुद्र्याखाली खड्डे. बारीक, देवीच्या व्रणांसारखे, नेमके नळी जिथं बसते त्या गळ्यापाशी. इतक्या वर्षांचं ओलं बोट एकाच जागी टेकलेलं.

खुरानांनी भिंग लावलं आणि मान हलवली. “नाल बदल सकती है जी, बॉडी नहीं. इस पर कोई कारीगर हाथ नहीं रखेगा.”

वल्लरीनं खाली बघून श्वास सोडला. वर बघितलं तर सासरे तिच्याकडेच बघत होते.

“तुला ठाऊक होतं?”

“मागल्या वर्षी पूजा करताना पापुद्रा दिसला होता, बाबा.”

“मग घरी सांगायचंस मला. इथं चारचौघांत कशाला?” त्यांनी काउंटरवरचा लाल झालेला फडका उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. “कृष्णेचं बोट होतं ते.”

ती काहीतरी म्हणणार होती, पण विक्रांत आधीच काचेच्या कपाटापाशी पोचला होता. “चलो, मग नवंच बघू. काय बाबा?”

हीच ती वेळ. नाही म्हणा, वल्लरी मनातल्या मनात म्हणत राहिली.

“तुमचं तुम्ही बघा,” संपतराव म्हणाले. “माझं हत्यार मोडीत निघालं, आता माझा शब्द कशाला मध्ये?” आणि ते बाहेर गाडीत जाऊन बसले.

विक्रांतनं कौतुकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “यार, काय नजर आहे तुझी. खुरानासाब चुकले असते. तूच निवड. नंतर म्हणू नकोस, विचारलं नाही म्हणून.”

तिनं निवडलं. भाजी निवडावी तसं एकेक हातात घेऊन, रिकामा चाप ओढून बघत. ज्याचा चाप एका बोटानं ओढता ओढेना, दोन बोटं लावूनही बोटं दुखली, ते तिनं पुढे केलं. चार वर्षांच्या बोटांना हा कधीच जमणार नाही.

“मैडम की पसंद पक्की है,” खुराना म्हणाले. “बॉडी एक नंबर. ट्रिगर सख़्त है, पर वो तो कारीगर नई नाल के साथ हल्का कर ही देगा. बिल्कुल मक्खन.”

“बिल्कुल,” विक्रांत म्हणाला.

परतताना रिंगरोडवर गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. संपतराव खिडकीबाहेर बघत होते, एक हात खिशावर. वल्लरीनं दोनदा “बाबा” म्हणून पाहिलं.

“घरी लॉकर बसवून घेऊ,” विक्रांत आरशातून तिला म्हणाला. “नंबरवाला. आता तरी टेन्शन नको ना? नंबर कुठला ठेवायचा, तूच सांग.”

“रेवतीला विचार,” वल्लरी म्हणाली. “तिला कसाही कळणारच आहे.”