घरची दोन मतं

पिवळी चिठ्ठी मुठीत इतका वेळ होती की तिचे कोपरे आता ओल्या चिंधीसारखे लागत होते. रुखमाबाईंनी मूठ उघडली, अंगठ्याने चिठ्ठी सपाट केली आणि पुन्हा एकदा वाचली — वर उमेदवार ताराचंदशेठांचं नाव, जाड ठशात, खाली आकडा, दोनशे चौदा, आणि आकड्यापुढे शाईने लिहिलेलं 'पत्नी'. पुढचं नवऱ्याचं नाव घामाने पुसट झालेलं. पुसट झालं नसतं तरी त्यांनी ते वाचलं नसतंच. त्या नावावरून नजर उचलून पुढे न्यायची सवय एकतीस वर्षांची होती. पण रुखमा हे नाव कुठेच नव्हतं. वर नाही, खाली नाही, मागच्या बाजूलाही नाही... मागची बाजू त्यांनी सकाळपासून चारदा पाहिली होती.

शाळेच्या ओसरीत बायकांची रांग भिंतीला धरून उभी होती. निवडणूक सदतीस सालची. या खेपेला सरकारने घरमालकांच्या बायकांनाही मत दिलं होतं, म्हणजे घर नवऱ्याचं, घरपट्टी नवरा भरणार, आणि त्या पट्टीच्या जोरावर बायकोला एक कागद पेटीत टाकायची मुभा. त्यामुळे इतवारीतल्या निम्म्या गल्लीतल्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या, हळदीकुंकवाला यावं तशा. पुढे शेजारच्या इंदुताई. त्यांच्या बांगड्यांचा आणि जिभेचा आवाज थांबत नव्हता.

"पिवळी पेटी ना वं आपली?" इंदुताईंनी मान वळवून विचारलं.

"हो," रुखमाबाई म्हणाल्या. खोटं किती सोपं असतं — एका अक्षरात संपतं.

कारण त्या पिवळीत टाकणार नव्हत्या. हे त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच ठरवलं होतं, पोहे परतता परतता. पडद्यापलीकडे बैठकीत नेहमीची मंडळी जमलेली, आणि घरधनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होते — प्रांताचं उत्पन्न इतकं, त्यात आबकारीचं इतकं, दारू बंद केली तर इतक्या लाखांचा खड्डा. ताराचंदशेठ तर स्वतःच आबकारीचे ठेकेदार. आणि घरधनी, ज्यांनी जन्मात थेंब तोंडाला लावला नाही, ते मांडीवर थाप मारून म्हणत होते, "बंद करा म्हणणं सोपं आहे गा! शाळा काय हवेवर चालवून राहिले? दवाखाने कोणाच्या पैशानं चालतात?" उत्तर पडद्याआड होतं, हातात झारा घेऊन... की तो पैसा कोणी आकाशातून पाडत नाही, तो भांडीवाल्या जिजाबाईच्या चुलीतून निघतो, तिच्या नवऱ्याच्या हातून गुत्त्यात जातो, गुत्त्यातून शेठकडे, शेठकडून सरकारकडे, आणि सरकार त्यातून जी शाळा बांधतं तिथे जिजाबाईची मुलगी जात नाही, कारण ती माझ्याकडे आईबरोबर भांडी विसळते. मग खड्डा कोणाच्या घरात पडला? एवढंच विचारायचं होतं. एक वाक्य. ते वाक्य जिभेवर आलं तेव्हा पडदा सरकला आणि घरधनी म्हणाले, "पोहे झाले काय? मंडळी वाट पाहून राहिली."

पोहे झाले होते. करपले होते थोडे. मंडळींनी ते तसेच संपवले.

त्यानंतर रोज ते वाक्य त्या मनातल्या मनात बोलत राहिल्या, भाकरी थापताना, तुळशीला पाणी घालताना, प्रत्येक वेळी अधिक ठसठशीत. पण माणसाचं वाक्य ऐकायला दुसरं माणूस लागतं. त्यांनी ते शेवटी जिजाबाईलाच ऐकवलं, तर ती राखेचा हात तसाच धरून म्हणाली, "बाई, मले तं मत नाही ना. आमचं कुठलं घर. माझंबी तुम्हीच टाकजा." म्हणजे दोन झाली. एका कागदात दोन बायकांचं मत... आणि नवऱ्याने परवाच जेवताना सांगून ठेवलेलं, "पिवळी पेटी. रंग ध्यानात ठेव म्हणजे झालं." रंग! पारशिवनीच्या शाळेत चौथीपर्यंत पहिला नंबर होता माझा. मला रंग सांगतात.

रांग हलली. टेबलाशी चष्मेवाले कारकून, मोठी यादी उघडून, आणि शेजारी बायका ओळखायला म्हणून बसवलेल्या शोभाताई मास्तरीण. इंदुताईंची पाळी आली. कारकुनांनी चिठ्ठी घेतली, बाजूला ठेवली आणि यादीवर आडवा हात धरून म्हणाले, "नवऱ्याचं नाव सांगा."

हे रुखमाबाईंना कोणी सांगितलं नव्हतं.

इंदुताईंना काय! त्यांनी पदर सावरला, मान वाकडी केली आणि म्हटलंसुद्धा — "कन्हानच्या काठावर संत्र्याची बाग, देवरावांचं नाव घेते, साहेब, नका करू राग!" सबंध ओसरी हसली. कारकुनांच्याही मिशा हलल्या. इंदुताई कागद घेऊन नाचत गेल्यासारख्या पडद्यामागे गेल्या.

"दोनशे चौदा. नाव?"

"रुखमा."

"तुमचं नाही बाई, तुमचं यादीत नसते. नवऱ्याचं."

"चिठ्ठीवर आहे."

"चिठ्ठी कोणालेही भेटते. सकाळपासून दोघी जणी दुसऱ्याच्याच चिठ्ठीवर आल्या. तोंडानं सांगा."

शोभाताई म्हणाल्या, "मी ओळखते यांना."

"तुम्ही ओळखता ते ठीक, पण यादीतलं नाव यांच्या तोंडून पाहिजे मले. पूर्ण. बापाच्या नावासकट."

म्हणजे सासऱ्यांचंही! रुखमाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. काय अजब गोष्ट आहे ही... तीन आठवडे त्या नवऱ्याच्या मताविरुद्ध जायची तयारी करत होत्या, आणि आता त्या माणसाच्या नावाची तीन अक्षरं तोंडातून निघत नव्हती. विरोध करता येतो, नाव घेता येत नाही. कीर्तनात विष्णूची नावं म्हणताना ते नाव आलं की त्या ओठ मिटून घेत. सगळ्या बायका म्हणत आणि तेवढ्या एका नावापुरत्या रुखमाबाई मुक्या. देवाला ते कळत असेल असं त्यांना नेहमी वाटे. आणि त्याच्याही आधी, बारा वर्षांची नवरी, पायात जोडवी टोचताहेत, आणि उंबरठ्यावर आडवे हात धरून उभ्या असलेल्या नणंदा, नाव घे, नाही तर आत सोडणार नाही. तेव्हा आईने घोकून घेतलेला उखाणा होता. तो म्हटला, सगळ्या हसल्या, हात बाजूला झाले, आणि ती आत गेली. गेली ती गेली.

मागून कोणी तरी म्हणालं, "लाजून काहून राहिली वं? घे ना उखाणा!" पडद्यातून बाहेर आलेल्या इंदुताईही थांबल्या, कौतुकाने. "घे वं, घे!"

त्यांना तो जुना उखाणा आठवत होता, शब्द न् शब्द. म्हटला असता तर काम झालं असतं. पुन्हा सगळ्या हसल्या असत्या, पुन्हा हात बाजूला झाला असता. पण मग पेटीपर्यंत कोण गेलं असतं? ती बारा वर्षांची नवरीच ना... आणि तिला रंग सांगितलेला आहे. इतका संताप आला रुखमाबाईंना — तिचा, कारकुनाचा, इंदुताईंचा, त्या यादीचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या मिटल्या ओठांचा — की नाव त्या संतापावरच बाहेर आलं.

"मुकुंद गणपत."

नुसतं. राव नाही, उखाणा नाही. तगादा लावायला आलेल्या माणसाने दारातून घ्यावं तसं. इंदुताईंचा हात तोंडावर गेला. रुखमाबाई वाट पाहत राहिल्या, कशाची कोण जाणे... काहीतरी कोसळायची. कारकुनांनी पेन्सिलीने एक रेघ मारली, कागद पुढे केला आणि म्हणाले, "हं. पुढची."

पडद्यामागे दोन पेट्या. पिवळी, हिरवी. हिरवीवर शेठांविरुद्ध उभ्या राहिलेल्या वकिलाचं नाव, त्याने दारूबंदीचं बोलून दाखवलं होतं; पाळेल की नाही देव जाणे. त्यांनी कागद हिरव्या पेटीत सोडला. आवाज झाला नाही. निदान आवाज तरी व्हायला हवा होता, असं त्यांना वाटलं.

परत जायला शेठांचा टांगा उभा होता, पिवळं फडकं लावलेला. इंदुताईंनी हाक मारली, पण त्या चालतच निघाल्या. फेब्रुवारीचं ऊन डोक्यावर यायला लागलेलं, दुकानांपुढे संत्र्यांचे ढीग. इंदुताई आज सगळ्या गल्लीला सांगणार, नाव कसं घेतलं ते. सांगू दे. पण कुठे टाकलं ते इंदुताईंनाही माहीत नाही, ते एकाच माणसाला सांगायचं होतं. घरी विचारतील. विचारतीलच. त्या मनात उत्तर लावत चालल्या: विचारलं की सरळ सांगायचं, हिरवीत. मग ते चढ्या आवाजात म्हणतील, काहून? आणि मग, त्या 'काहून'साठीच तर सगळं, तीन आठवडे घासून ठेवलेलं ते वाक्य. जिजाबाईची चूल, गुत्ता, शेठ, सरकार, शाळा. भांडण होईल. होऊ दे. भांडण म्हणजे निदान दोन माणसं लागतात.

दुपार गेली. धनी दुकानातून आले ते तिन्हीसांजेला, बैठकीतल्या मंडळींना घेऊनच. रुखमाबाईंनी पडद्यातून चहा पुढे केला. त्यांनी कप घेतला, नजर वर केली आणि विचारलं, "जाऊन आली ना?"

"आले."

आता. आता पुढचं.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि मंडळींकडे वळून, खुशीत, "आमच्या घरची दोन मतं पडली गा शेठले. दोन्ही सकाळीच."

मंडळींनी माना डोलावल्या. बोलणं कामठीच्या मतांवर गेलं.

विचारलंच नाही. रुखमाबाई स्वयंपाकघरात येऊन चुलीपुढे बसल्या. पकडलं जाण्याची भीती बाळगली तीन आठवडे, आणि कोणी शोधतच नाही! चोरी करावी आणि घरच्यांना वस्तू गेल्याचा पत्ताच नसावा. मत गुप्त ठेवायला सरकारने पेटी दिली, पडदा दिला, कुलूप दिलं. इथे त्याची गरजच काय होती? त्यांचं मत दुसरं असू शकतं ही शंकाच या घरात कधी कोणाला शिवली नाही. आता सांगितलं तरी करपलेल्या पोह्यांसारखं गिळून टाकतील, बोलणारसुद्धा नाहीत. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराचं नव्हतं.

मंडळी उठून गेली. मधल्या खोलीत खुंटीला कोट अडकवल्याचा आवाज आला. रुखमाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. आणि मग, ठरवलं नव्हतं, पण सकाळपासून ते नाव तोंडात सैल झालेलं होतं,

"मुकुंदराव!"

मोठ्याने. सासूबाई गेल्यापासून बाईच्या तोंडून ते नाव या घरात उमटलं नव्हतं.

पावलं थांबली.

"कोण आहे गा?" ते म्हणाले. "या, आत या!" आणि पावलं निघाली, बैठकीतून बाहेरच्या दाराकडे. कडी वाजली. दार उघडलं.

"कोणी नाही वं इथे," दारातूनच त्यांचा आवाज आला. "तुले ऐकू आली ना हाक?"

"आली."

"आवाज ओळखीचा वाटला मले. पण कोणाचा, ते ध्यानात नाही येऊन राहिलं."

रुखमाबाईंनी भाकरी उलटली. ते अजून दारातच उभे होते, गल्लीत दोन्हीकडे पाहत. राग कुठेही गेला नव्हता. पण त्याच्याजवळ आता काहीतरी येऊन बसलं होतं, जवळजवळ हसू. पुन्हा हाक मारावी का, एवढंच त्या आता ठरवत होत्या.