ऐंशी, पण कशातले?

मित्रांनो, मी एक जुना टॉर्क पाना आहे. साधा पाना नट आवळतो. किती आवळायचा ते मी सांगतो. माझ्या दांड्यावरच्या आकड्यावर मला लावा, तेवढा जोर झाला की मी ‘टक्’ करतो. माझे आकडे न्यूटन-मीटरचे आहेत.

माझे मालक गॅरेजवाले मिस्त्री; त्यांचा आधीचा पाना फूट-पाउंडाचा होता. तो मोडला म्हणून मी आलो. जुन्या गाड्यांच्या पुस्तकांत मात्र फूट-पाउंडच असत. मिस्त्रींची मुलगी तो आकडा एक पूर्णांक छत्तीसने गुणायची आणि मगच मला लावायची.

“अप्पा, तोंडपाठ आकड्यावर जाऊ नका,” ती बजावायची.

“माझे केस काय उन्हाने पिकलेत?” मिस्त्री हसायचे.

माझे लाड होत. काम झालं की मला पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवत.

एका सकाळी मिस्त्रींची थोरली बहीण आली. ती सुईण. तिच्या जुन्या गाडीच्या ब्रेकचं काम झालं होतं, चाकं तेवढी चढवायची होती. मुलगी सुटे भाग आणायला गेली होती.

“आटप रे, बाळंतीण खोळंबलीय.”

“झालंच, ताई. चाकाला ऐंशी, मला पाठ आहे.”

ऐंशी फूट-पाउंड म्हणजे माझ्या मापात एकशे आठ. त्यांनी मला ऐंशीवर लावलं. एकेका नटाला मी इमानेइतबारे ‘टक्’ म्हणालो. जोर जेमतेम पाऊणपट लागला होता.

नवव्या दिवशी उतारावर पुढचं चाक निखळलं. ताई घरी परतली नाही.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने गाडीचं पुस्तक उघडून माझ्याशेजारी ठेवलं.

“पण मी ऐंशीच लावले होते हो!” मिस्त्री म्हणाले.

“ऐंशी कशातले?”

मिस्त्रींनी पुस्तकातलं माप वाचलं, मग माझ्या दांड्यावरचं.

त्यानंतर त्यांनी हत्याराला हात लावला नाही. गॅरेज आता मुलगी चालवते. तिने दुसरा पाना घेतला; मी खिळ्याला गंजत लटकलोय. मिस्त्री दारातल्या स्टुलावर बसून असतात. मेव्हणे, ताईचे यजमान, रस्त्याने गेले की मिस्त्री मान खाली घालतात. मेव्हणे थांबत नाहीत.

मित्रांनो, मला नीट पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. मला तर नीटच जपलं होतं. फक्त आकड्याला त्याचं माप विचारत जा. त्या सकाळी ते मला ठाऊक होतं. पण मला ‘टक्’खेरीज काही बोलता येत नाही. तुम्हाला येतं.