अस्वलाला एल्क नको होता

आखातातल्या अल रीम आयलंडवर, बाविसाव्या मजल्यावर कुबरा आणि यहया टीव्हीला डोळे लावून बसले होते. लेक फरदीन आठवड्यापूर्वी शिकायला कॅनडात गेलेला. आज तो रानातले एल्क, म्हणजे सांबराचे थोरले भाऊ, बघायला जाणार होता आणि तिथला कॅमेरा घरबसल्या लाइव्ह दिसत होता.

पिवळ्या झाडांखाली कळप चरत होता. लांब दोन लांडगे ताटकळत बसलेले. कोपऱ्यात फरदीन, पाठीवर सॅक. त्याच्यामागे अस्वल.

यहया सोफ्यावरून ताडकन उठला. "एवढे एल्क सोडून ते आपल्याच पोरामागे का?"

कुबराने मोबाइल ओढून घेतला. तिने फोन लावला.

"अम्मी, नॉट नाऊ!" फरदीन कुजबुजला.

"पळू नको. मागे अस्वल आहे. सॅक खाली ठेव नि हळूहळू बाजूला हो."

"माय लॅपटॉप इज इन इट!"

"बेटा, तिच्या अस्तरात मी सुके बोंबील शिवलेत. रत्नागिरीचे. अर्धा किलो."

"आय टोल्ड यू, नो फिश!"

"म्हणून तर शिवले."

फरदीनने सॅक ठेवली आणि एकेक पाऊल सरकू लागला. अस्वल सॅकपाशी थांबलं. हुंगलं. अस्तर टरकावलं. फरदीन चित्रातून नाहीसा झाला आणि फोनमध्ये गाडीचं दार धाडकन लागलं.

"आय ॲम इन द कार, अम्मी."

"अल्हम्दुलिल्ला," म्हणत यहया सोफ्यावर कोसळला.

अस्वल मांडी ठोकून शेवटचा बोंबील चघळत होतं. कुबराने डोळे पुसले.

"बघितलंत? नाक मुरडलं का त्याने एकदा तरी?"