न कुजणारी वाघर

मित्रांनो, मी एक जुनी वाघर आहे. माझा हिरवा रंग उडाला आहे, कडा विरल्या आहेत आणि अंगावर इतक्या ठिकाणी दुरुस्ती झाली आहे की मूळची मी किती उरले, ते मलाच सांगता येत नाही. या वयात माणसं कट्ट्यावर निवांत बसतात. मला मात्र घडीभर स्वस्थता नाही. का नाही, ते सांगते.

वाघर म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. धनगर आपली मेंढरं घेऊन गावोगाव फिरतात. दिवस मावळायला आला की एखाद्या शेतात तळ टाकतात, गोल खुंटे ठोकतात आणि त्या खुंट्यांना जाळं बांधून मेंढरं आत घेतात. त्या जाळ्याला वाघर म्हणतात. लांडगा बाहेर आणि कोकरू आत, एवढंच तिचं काम.

पण मी जन्माने वाघर नव्हे. माझा जन्म एका कारखान्यात, नायलॉनच्या धाग्यातून झाला. मला विणून झाल्यावर तिथल्या कामगाराने माझा धागा दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि तो म्हणाला, "हा काही म्हातारा होत नाही!" मला तो आशीर्वाद वाटला होता.

तिथून मी कोकणात, एका होडीवर गेले. मासे धरणं हे माझं पहिलं काम. सुरमई, बांगडे, कोळंबी, जे येईल ते मी धरत होते. एका सकाळी माझ्यात परातीएवढं कासव अडकलं. कासवाला श्वास घ्यायला पाण्यावर यावं लागतं आणि मी त्याला खाली धरून ठेवलं होतं. होडीतल्या माणसांनी मला वर ओढलं, सुरीने कापलं आणि कासव सोडून दिलं. भली माणसं होती. पण वारा सुटला होता, परतायची घाई होती, म्हणून माझा कापलेला तुकडा त्यांनी तसाच पाण्यात जाऊ दिला.

मित्रांनो, माझी अस्वस्थता त्या दिवसापासूनची आहे. जाळं ओढणारा माणूस निघून गेला तरी जाळं धरायचं थांबत नाही. त्याला कुणी थांब म्हणत नाही. आलेला मासा, आलेलं कासव ते धरतं आणि धरूनच ठेवतं. माझा तो तुकडा कुजणार नाही. तो म्हातारा होत नाही ना!

फाटकं जाळं होडीला नको होतं. होडीच्या मालकाचं किनाऱ्यामागे भाताचं खाचर होतं आणि तिथे खतासाठी मेंढरं बसवायला दरसाल साताऱ्याकडच्या औंधचा एक धनगर येत असे. त्याचं नाव बिराप्पा. निघताना बिराप्पाला तांदूळ मिळाले आणि वर मी मिळाले.

बिराप्पाच्या बायकोने, भामाबाईने, मला उन्हात पसरलं आणि नाकाला पदर लावला.

"आवं, ही वाघर हाय का मासळीबाजार? मेंढरं पळत्याली वासानं!"

"लांडगाबी पळंल की मग!" बिराप्पा म्हणाला. "चांगलंच हाय."

तिने मला गोड्या पाण्यात तीनदा धुतलं, माझी भोकं सांधली आणि मी वाघर झाले.

आम्ही घाट चढून वर निघालो. रान दाट होतं. पहिल्याच मुक्कामी बिराप्पाने कुऱ्हाड घेतली आणि मला बांधायला हाताएवढी जाड कोवळी झाडं तोडली. सकाळी ती तिथेच टाकून पुढे निघायचं, पुढच्या तळावर नवी तोडायची, ही त्याची सवय. तिसऱ्या मुक्कामी भामाबाई कुऱ्हाडीवरच बसली.

"ऊठ गं, दिवस चालला."

"न्हाई उठत. कालचं खुंटं कुठं हायती?"

"ऱ्हायलं तिकडं. वझं कोन वाहील?"

"घोडं वाहील. दोन वझी जास्ती झाली म्हनून घोडं मरत न्हाई. झाड मातर तोडल्यावर मरतंया. रोज इस झाडं, आन् वाट म्हैन्याची. तुमीच करा हिसाब."

बिराप्पा पुटपुटला, पण त्या दिवसाचे खुंटे त्याने घोड्यावर लादले. तेच खुंटे पुढे चार वर्षं चालले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रानालासुद्धा ते कळलं नसेल. पण मी त्या वाटेने दरसाल गेले आणि पुढे तिथे तोडलेला बुंधा दिसेनासा झाला, हे मी पाहिलं आहे.

ती माझी चांगली वर्षं होती. औंधच्या माळावर एकदा लांडग्याने मला धडक दिली. माझ्या चार गाठी तुटल्या, पण मी जागा सोडली नाही आणि एकही कोकरू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बिराप्पाने बिरोबाचा भंडारा आणून माझ्यावर उधळला. म्हणाला, "लय राखलंस बाई!" सातारच्या रस्त्यावर एसट्या मागून भोंगे वाजवत असायच्या, मेंढरं बिथरायची, पण संध्याकाळी माझ्या गोलात आली की गप्प व्हायची. मेंढरांचा विश्वास म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

परतीच्या वाटेवर आमचा एक तळ पलूसच्या बाजूला, कृष्णेकाठी, अमृत नावाच्या तरुण शेतकऱ्याच्या शेतात पडत असे. त्याच तळावर भामाबाई मला सांधायला बसायची. तिची गाठ वेगळी होती, तीन वेढ्यांची. पुन्हा जोडता न येणारा भाग ती कातरायची आणि कातरलेला तुकडा बांधावर टाकायची. तिला दोष देऊ नका. तिच्या सासूनेही तेच केलं होतं. पण सासूची वाघर घायपाताच्या दोराची होती. टाकलेला तुकडा एका पावसात माती व्हायचा.

मी प्रत्येक तुकडा जाताना पाहायचे. ओरडता येत असतं तर ओरडले असते.

मग या वर्षी माझी अखेर जवळ आली. पलूसच्या बाजारात रसूल नावाच्या दुकानदाराकडे बिराप्पाने नवी वाघर घेतली. मी घोड्यावरच होते.

रसूल म्हणाला, "बिराप्पा, जुनी इकडं ठिवून जावा. मी असली जाळी गोळा करतुया. वितळवायला जात्यात, त्यातनं दुसरं कायतरी हुतं."

बिराप्पाचा चेहरा उतरला. "वितळवायला? माझी मेंढरं राखली तिनं. भंगार हाय व्हय ती?"

"तसं न्हवं, गड्या…"

"ऱ्हाऊ दे. तिचं काय करायचं ते मला ठावं हाय."

मलाही ठाऊक होतं आणि मला तेच नको होतं. बिराप्पाच्या घराची एक रीत होती. राखण करून म्हातारी झालेली वाघर जाळायची नाही, पायदळी द्यायची नाही. भंडारा वाहून तिला कृष्णेच्या वाहत्या पाण्यात सोडायची. त्याच्या बापाने, आजाने तसंच केलं होतं. रीत चांगली होती. घायपाताची वाघर पाण्यात विरायची. पण मी विरणार नव्हते. कृष्णा मला नेत राहील, पार समुद्रापर्यंत, आणि वाटेत जो जो श्वास घेणारा जीव भेटेल त्याला मी धरेन. ज्याला मी पूज्य वाटत होते, तोच माणूस मला पुन्हा मारेकरी करणार होता. तेही हात जोडून!

दुसऱ्या दिवशी सकाळी बिराप्पाने आंघोळ केली, मला खांद्यावर घेतलं आणि तो नदीकडे निघाला. अमृत बरोबर होता.

"मामा, नारळ आणू का?" अमृतने विचारलं.

"आन. आन् टोपी घाल डोक्याला. कार्य हाय ह्ये."

भामाबाई शेताच्या कडेच्या ओढ्यावर घागर भरायला गेली होती. तो ओढा थोडं खाली जाऊन नदीलाच मिळतो. बिराप्पा गुडघाभर पाण्यात उतरला. त्याने मला उलगडलं. माझी एक कड पाण्यात भिजली, प्रवाहाने ती ताणली आणि माझी भोकं उघडली. मी धरायला तयार झाले. मला तयार व्हायचं नव्हतं, पण माझी घडणच तशी आहे. बिराप्पाने मूठभर भंडारा उधळला आणि डोळे मिटले.

"आवं, थांबा! सोडू नगा! थांबा म्हनती ना!"

भामाबाई धावत येत होती. घागर नव्हती. पदरात काहीतरी धरलं होतं आणि ते हलत होतं.

"कार्यात आडवी येऊ नगंस, भामे."

"आधी ह्ये बघा. मग सोडा, न्हाईतर मला सोडा."

तिने पदर काठावर उघडला. आत तळहाताएवढं नदीचं कासव होतं. त्याच्या मागच्या पायाभोवती हिरवा धागा आवळला होता. इतका जुना, की पाय त्याच्याभोवती वाकडा वाढला होता. धाग्याच्या मागे टीचभर जाळं लोंबत होतं.

अमृत वाकला. "कुना मासेवाल्याचं असंल."

"मासेवाल्याचं न्हाई." भामाबाईचा आवाज चिरकला. "ही गाठ बघा. तीन येढं. पंचक्रोशीत ही गाठ कोन मारतंया? म्या मारलीया. चार सालामागं ह्या अमृतच्या बांधावर बसून म्या ह्यो तुकडा टाकला. पुरानं वड्यात न्हेला. चार सालं झाली, आन् बघा की, कालचा वाटतुया."

पाणी मला ओढत होतं आणि बिराप्पाच्या मुठीत माझं दुसरं टोक होतं.

"तुमच्या बाची वाघर कुजली," ती हळू म्हणाली. "ही कुजायची न्हाई. तुमी हिला द्येवाला देताय, पर ही जाऊन द्येवाचीच लेकरं धरंल."

बिराप्पाने मला पाण्याबाहेर ओढून घेतलं आणि तो काठावर येऊन बसला. मग तो म्हणाला, "कातर आन."

लोकर कातरायची मोठी कातर अमृतने पळत आणली. बिराप्पाने मला काखेत दाबलं, कासव मांडीवर घेतलं आणि कोकराची लोकर कातरावी तसं नाजूक हाताने तो धागा कापला. कासवाने मान आत घेतली, बाहेर काढली आणि ते वाकड्या पायानेच पाण्यात गेलं. कापलेला तुकडा बिराप्पाने वाऱ्यावर जाऊ दिला नाही. कमरेच्या चंचीत ठेवला.

"बापानं सांगितलं तसं केलं असतं, तर पाप झालं असतं गं," तो म्हणाला.

"बापाला कुठं ठावं हुतं नायलॉन? त्येनं त्येच्या वाघरंचं सांगितलं. आपल्या वाघरंचं आपुन बघायचं."

त्या सकाळी नवरा-बायको बांधावर फिरत राहिले. वाकून वाकून तुकडे वेचत होते. अमृतही वेचू लागला आणि त्याला स्वतःच्या द्राक्षबागेतल्या पक्ष्यांच्या जाळीचे इतके तुकडे सापडले की तो शरमून हसला. "मामा, तुमच्यापरास माझाच पसारा जास्ती हाय!"

मला मात्र बिराप्पा भंगारात द्यायला अजून तयार नव्हता. त्याने मला औंधला परत आणलं. आमच्या वस्तीमागच्या माळावर दर पावसाळ्यात करंजाची, हिवराची रोपं उगवतात आणि दर वर्षी बिराप्पाचीच मेंढरं ती खाऊन टाकतात. या पावसाळ्यात त्याने तिथे तेच जुने खुंटे ठोकले आणि त्यांना मला बांधलं. पण आत मेंढरं घेतली नाहीत. मेंढरं बाहेर उभी राहिली, हिरव्या पाल्याकडे बघून बें-बें करू लागली. आयुष्यभर ज्यांना मी आत ठेवलं, त्यांनाच आता बाहेर अडवते आहे.

"खाऊ द्या की जरासं," भामाबाईने त्याला चिडवलं. "तुमचीच लेकरं हायती."

"रोपं खाल्ली तर पुढच्या साली सावली कुठली? गप बस," बिराप्पा म्हणाला आणि माझी एक गाठ घट्ट करत मलाच बोलला, "ही रोपं माझ्या खांद्याला लागली की तुला सोडवीन बाई. सोता रसूलच्या दुकानात न्हेऊन दीन. त्येला म्हनंन, मानानं वितळीव हिला."

आता रोपं त्याच्या गुडघ्याला लागली आहेत.

मित्रांनो, अजून मला झोप का नाही, ते आता कळलं असेल. ऊन रोज माझा एकेक धागा ठिसूळ करतं आहे. मी कुजत नाही, नुसती मोडते. वेळेवर सोडवलं नाही, तर बारीक बारीक होऊन मी या माळावर, ओढ्यात, मेंढरांच्या पोटात पसरेन. आणि बिराप्पाचं वय झालं आहे. चढावर तो आता दोनदा थांबतो.

तुम्ही बाजारातून काही घ्याल, बांधाल, फाडाल, टाकाल, तेव्हा एवढंच विचारा: हे माझ्या हातून सुटल्यावर किती वर्षं जगणार आहे, आणि कुणाच्या पायात? कुजेल ते मातीला द्या. न कुजेल ते घेताना दहादा विचार करा, आणि घेतलंच तर शेवटपर्यंत त्याचा हात सोडू नका. पाण्याला तर ते कधीच देऊ नका. नदीला नाही म्हणता येत नाही.

आणि कधी औंधच्या बाजूला आलात, तर वस्तीमागच्या माळावर या. रोपं माणसाच्या खांद्याला लागलेली दिसली आणि मी अजून तिथेच बांधलेली असेन, तर कुणाची वाट पाहू नका. माझ्या गाठी सोडा, एकही धागा मागे न ठेवता मला गुंडाळा आणि पलूसला रसूलकडे पोचवा. मला एकटीला मरता येत नाही, मित्रांनो.