पेशीतलं निळं झुडूप

काचपट्टीवर मक्याच्या मुळाचा केसाएवढा तुकडा, निळ्या रंगात बुडालेला — आणि त्याच्या एका पेशीत बुरशीचं इवलंसं झुडूप, फांद्या पसरून बसलेलं. मेघाने सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू किंचित फिरवला. बुरशी लांबच्या मातीतून फॉस्फेट ओढून आणते, या झुडपापर्यंत पोचवते. पुढे मुळाच्या पडद्यातलं एक प्रथिन ते आत घेतं. बुरशी पेशीत शिरते, तरी दोघांमधला पडदा कधी फाटत नाही... वर्षानुवर्षं ती हे विद्यार्थ्यांना शिकवत आली होती. दीड महिन्याच्या रजेनंतर आज पहिल्यांदाच विभागात आली होती.

दुसऱ्या काचपट्टीवरच्या मक्यात ते प्रथिनच नव्हतं. इथली झुडपं आखडलेली, गोळा झालेली. त्यांनी आणलेलं आत येईना, की मूळच त्यांना वेळेआधी विरघळवून टाकतं.

“मॅडम, ही मेलेल्यांत धरायची ना?” संस्कृतीने विचारलं. ती प्रयोगशाळेत नवी होती. तिला काही माहीत नव्हतं.

“धर.”

सातवा महिना होता. वारेतून बाळाला पोषण पोचलंच नाही, डॉक्टर म्हणाल्या होत्या, फाइलकडे बघत — आणि नर्सने सांगितलं, मुलगी होती. कुणाच्या पडद्यात काय नव्हतं? माझ्याच ना? मी चिकलठाण्याहून रोज स्कूटरवर येत होते, जेवण टाळत होते, मीच... नवऱ्याने, प्रणयने, त्या दिवसापासून त्या मुलीविषयी शब्द काढला नव्हता; कपाटातली टोपडी मात्र नाहीशी झाली होती.

दुपारी आई डबा घेऊन आली. कडूबाई देवगाव रंगारीहून येऊन लेकीपाशीच राहिली होती. दोघी विभागामागच्या कडुलिंबाखाली बसल्या. मेघाने भाकरी मोडली, खाल्ली नाही.

“माझ्यामुळं झालं, आई.”

कडूबाईने भाजीची वाटी तिच्याकडे सरकवली. मग म्हणाली, “तुझ्या आधी एक झाली व्हती मला. मेलेलीच आली. तवा मीबी हेच म्हनायचे... कापूस वेचला म्हनून झालं, पानी शेंदलं म्हनून झालं.”

“कधी बोलली नाहीस.”

“कुनाला बोलायचं? तुझ्या बापानं इचारलंच नाय.”

“नाव...?”

“ठेवलं व्हतं. मनातल्या मनात.”

कोणतं, हे मेघाने विचारलं नाही. इतकी वर्षं एक बहीण या बाईच्या मनात वाढत होती — आणि आपण तिच्याच मांडीवर झोपत होतो, काहीच न ओळखता... दोष गेला नव्हता; तो छातीत तसाच होता. पण त्याच्या शेजारी आता तिच्या स्वतःच्या मुलीसाठी एक अक्षर उभं राहिलं, मग दुसरं, मग सगळं नाव — आणि ते प्रणयला सांगावं की एकटीनेच जपावं, हे तिला कळेना.