कशापेक्षा

“काय म्हणले?” डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले तशी अरुंधतीबाईंनी विचारलं.

मार्तंडराव टोपी हातात धरून उभे होते. दवाखाना मिशनचा, आणि गोरे डॉक्टर नुकतेच विलायतेहून आलेले. ‘पाणी’ आणि ‘दुखतं’ एवढंच मराठी त्यांना येत होतं. सगळ्या जालन्याशी मराठीत बोलणाऱ्या जुन्या डॉक्टरीणबाई सुटीवर गेल्या होत्या. त्यामुळं रोज सकाळी डॉक्टर बोलत आणि मार्तंडराव बायकोला मराठीत सांगत. सरकारी शाळेत इंग्रजी शिकवण्यात त्यांचं वय गेलं होतं, पण गोऱ्या माणसाशी समोरासमोर बोलायची वेळ कधी आली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांचा सदरा घामानं भिजला होता.

“अ क्वाएटर नाइट म्हणले. रात्र शांत गेली तुझी.”

“कशापेक्षा?”

“परवापेक्षा, दुसरं काय.”

“असंल बाई,” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. पावलांवरची सूज पोटऱ्यांपर्यंत चढली होती. दोन उशा पाठीशी असल्या तरच श्वास पुरत होता.

सरकारी शाळा उर्दू माध्यमाची, म्हणून तिथं मार्तंडरावांना इंग्रजी उर्दूतून समजावून सांगावं लागे. संध्याकाळी मस्तगडातल्या घरी ओसरीवर शिकवणी असे, ती मराठीतून. तिथं त्यांचा आवाज मोकळा होई. “अ टॉलर बॉय. अ शार्पर नाइफ. अ बिगर हाउस.” पोरं हटकून विचारत, “मास्तर, कशापेक्षा मोठं घर?” मास्तर खूश होऊन सांगत, “ते बोलायचं नसतं. आपल्याला ‘पेक्षा’ लावल्याबिगर गत न्हाई. इंग्रजीत नुसतं बिगर हाउस म्हणलं की झालं. कशापेक्षा, ते बोलणाऱ्याला ठाऊक अन् ऐकणाऱ्यालाबी ठाऊक.” मग पोरं घोकू लागत, आणि घोकणं पार गल्लीच्या टोकापर्यंत जाई.

त्यांना एकच मुलगी, नीला. तिला भोकरदनच्या पलीकडं धावड्याला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आईनंच अंथरूण धरलं, म्हणून ते सासरी झालं. मुलगी झाली होती. अरुंधतीबाईंना आपल्या दुखण्यापेक्षा याचंच जास्त लागलं होतं. दवाखान्यात आल्या त्या दिवशीच त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, “मी बरी होणार असंन तर तिला हलवू नका. ओली बाळंतीण हाये, रस्ता खराब. पण माझं काही खरं नसलं, तर मातर बोलवा. बराबर सांगा मला, डॉक्टर काय म्हणतात ते.”

“सांगतो,” मार्तंडराव म्हणाले होते.

चार-दोन दिवसांनी डॉक्टर खाटेपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मनगट हातात धरून ते घड्याळाकडं बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “अ वीकर पल्स टुडे, आय ॲम अफ्रेड.”

वाक्य सोपं होतं. आदल्या महिन्यात पोरांकडून घोकून घेतल्यासारखं सोपं.

“काय म्हणले?”

मार्तंडरावांनी तोंड उघडलं. बायकोचे डोळे त्यांच्या ओठांवर होते.

“नाडी सुधारली म्हणले. कालच्यापेक्षा जोर हाये.”

शेजारी नंदाबाई नर्स उभी होती. दवाखान्यात वाढलेली, तिला इंग्रजी समजत होतं. तिनं एकदा मास्तरांकडं पाहिलं आणि पुढच्या खाटेची चादर नीट करू लागली.

“बरं झालं,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “मंग राहू द्या नीलाला.”

त्याच दुपारी धावड्याचा रखमाजी दवाखान्याच्या फाटकाशी आला. कापसाची गाडी मोंढ्याच्या बाजारात रिकामी करून तो परत निघाला होता. “नीलाताईनं इचारलंय, येऊ का म्हणून. सासू सोडाया तयार हाये. काय सांगू?”

मार्तंडरावांनी मागं वळून वॉर्डाच्या दाराकडं पाहिलं. उद्या नाडी खरंच सुधारली तर? पोर तान्हं लेकरू घेऊन उगाच हाडं खिळखिळी करत येईल. नीलाला ‘ये’ म्हणणं म्हणजे दुसरंही काहीतरी कबूल करणं होतं. तेवढं बळ त्यांच्यात नव्हतं.

“सुधारणा हाये म्हणावं. येऊ नको.”

रखमाजीनं बैल वळवले.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर तेच म्हणाले, आणि मार्तंडरावांनीही तेच सांगितलं. आज नंदाबाईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरून भाताची पेज घेऊन आले. अरुंधतीबाईंनी दोन घोट घेतले आणि वाटी बाजूला सारली.

“नीलाला बोलवा.”

“अगं, पण डॉक्टर म्हणले की...”

“वीकर म्हणले. कालबी, परवाबी.”

मार्तंडरावांच्या हातातला चमचा तसाच राहिला.

“तुला कसं...”

“ओसरीच्या भिंतीपल्याड चूल हाये आपली. पोरं घोकायची, मी भाकरी थापायची. वीक, वीकर. अ वीकर बॉय. त्या रामकिसनला काई केल्या यायचं न्हाई, तुम्ही त्याला म्हणायला लावायचे परत परत. माझ्या भाकरी करपल्या, पण शब्द ध्यानात राह्यला.” त्यांना दम लागला. थोडं थांबून त्या म्हणाल्या, “सगळं न्हाई समजत मला. पण एवढं समजलं.”

“मंग बोलली का न्हाईस?”

“तुम्हाला सांगवत नव्हतं. म्हणलं, घ्या दोन दिवस.” त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता. “आता द्यायला माझ्यापाशी न्हाईत.”

मार्तंडराव खाली मान घालून बसले. रखमाजीची गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. ‘येऊ नको’ हे दोन शब्दही सांगितले. अरुंधतीबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

“आता बसून राह्यलात कशाला? जल्दी करा.”

पाशामियाँ त्यांच्या गल्लीतला टांगेवाला. नीला लहानपणी त्याच्याच टांग्यातून जत्रेला जायची. मास्तरांचं ऐकून घेतलं आणि त्यानं घोडा सोडून भावाच्या हवाली केला. “मास्टरसाब, बिलकुल फिकीर करू नका. भोकरदनपर्यंत मोटार हाये. पुढं गाडी करतो, न्हाई मिळाली तर चालत जातो. बिटियाला घेऊनच येतो.”

दुसरा दिवस वाट पाहण्यात गेला. अरुंधतीबाई मध्येच जाग्या होत आणि आली का विचारत. नाही म्हटलं की बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू कसे करायचे ते नवऱ्याला सांगू लागत. “डिंक तुपात फुलू द्यायचा. मंद जाळ. खोबरं वेगळं भाजायचं. म्हणा.”

“डिंक तुपात फुलू द्यायचा,” मार्तंडराव म्हणत. “खोबरं वेगळं.”

“खारीक विसरलात.”

“खारीक.”

तिसऱ्या दिवशी सकाळपासून अरुंधतीबाईंना बोलवेना. डॉक्टर आले, मनगट धरलं, पण आज काही म्हणाले नाहीत. मास्तरांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडं न जाता तिथंच उभे राहिले. ऊन उतरणीला लागलं तेव्हा त्यांचा श्वास थांबला. नंदाबाईनं खिडकीचा पडदा ओढला.

मोटार-अड्ड्यावरून टांगा आला तेव्हा दिवस मावळतीला आला होता. पाशामियाँनं नीलाला हात धरून उतरवलं. तिच्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं, आणि कुशीत लेकरू. वडील व्हरांड्यात एकटे उभे दिसले, आणि ती पायरीवरच थांबली.

“कवा?”

“दुपारी.”

“रखमाजीकाका तर सांगून गेले, सुधारणा हाये म्हणून. मी त्या रात्री बिनघोर झोपले, बाबा.”

“मी खोटा निरोप धाडला होता,” मार्तंडराव म्हणाले. “डॉक्टर वेगळं सांगत होते. मला सांगवलं न्हाई.”

नीलाचा आवाज फुटला. “लई त्रास झाला का तिला?”

नंदाबाई दारात आली होती. ती पुढं होऊन म्हणू लागली, “न्हाई हो ताई, अगदी शांत...”

“झाला,” मार्तंडराव म्हणाले. “दम लागत होता. बोलता येत होतं तोवर तुझं नाव घेत होती.”

नीलानं लेकरू त्यांच्या हातात दिलं आणि ती आत गेली. आतून तिचा हंबरडा ऐकू आला. पाशामियाँ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मास्तरांना इतकं लहान लेकरू कसं धरायचं ते आठवेना. कोपर वाकवून त्यांनी ते छातीशी घेतलं. ते जागं होतं. मावळतीचं ऊन त्याच्या तोंडावर येत होतं. मास्तर तसेच व्हरांड्यात उभे राहिले, आणि दुसऱ्या हाताचा पंजा त्यांनी त्याच्या डोळ्यांवर आडवा धरला.